विकत घेतलेली

भर बाजारात मला नावाने हाक मारील असं माणूस सालोनिकात आता उरलेलं नव्हतं. म्हणून मंगळवारी सकाळी मासळीच्या रांगेत उभी असताना मागून “मेर्काडा!” अशी खणखणीत हाक आली, तेव्हा मी लगेच वळले नाही. आधी पिशवी छातीशी धरली, मग डाव्या बाहीचं बटण लागलेलं आहे ना ते चाचपलं, आणि मग वळले. हाक मला नव्हतीच. माशांच्या टोपल्यांखालून चारेक वर्षांची एक पोर मांजरामागे रांगत चालली होती आणि एक आडव्या बांध्याची बाई, केसांत कापसाचे तंतू, गळ्यात क्रूस, तिच्यामागे धावत होती. “मेर्काडा! अगं भवाने, परत गुडघे फोडून घेशील!” पोरीने टोपलीखालून मान बाहेर काढली, नुसती डावी भुवई वर उचलली आणि बाईकडे असं पाहिलं, की गुडघे माझे आहेत, तुझं काय जातं. ती भुवई मी ओळखत होते. मासेवाला दोनदा म्हणाला, “बोला बाई, किती देऊ?” मी रांग सोडली. मागची म्हातारी म्हणाली, “परत आलेल्या या ज्यू बायकांचं काही खरं नाही,” आणि माझ्या जागेवर सरकली.

मेर्काडा हे काही हौसेने ठेवायचं नाव नव्हे. आमच्या जुन्या स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ विकत घेतलेली. आमच्यात मूल फार आजारी पडलं, डॉक्टरने हात टेकले, की त्याला शेजारणीला विकतात. काहीतरी फुटकळ किंमत घ्यायची, मूल तिच्या उंबऱ्यात ठेवायचं आणि तीन वेळा मोठ्याने म्हणायचं, विकलं. मग यमदूत नाव-पत्ता घेऊन दारात येतो तेव्हा आई सांगते, या नावाचं मूल आमच्याकडे नाही बाबा. शेजारी आहे एक, पण ते विकत आणलेलं. दूत गोंधळतो आणि परत जातो. जन्माचं नाव त्यानंतर कुणी उच्चारायचं नाही. थेट लग्नाच्या दिवशी खऱ्या आईने मुलीला सोडवून परत घ्यायची आणि ते नाव मोठ्याने घ्यायचं. मला चौथ्या वर्षी विषमज्वर झाला तेव्हा आईने मला समोरच्या तिया रेयनाला, म्हणजे रेयनामावशीला विकलं, एका कांद्याला. घरात कांदा चिरायला घेतला की माझी धाकटी बहीण जोया म्हणायची, “आई, ताईला नीट धर, डोळ्यांत पाणी येईल.” तिया रेयना मला फार मानायची. आईने मला धपाटा घातला की खिडकीतून ओरडायची, “माझ्या मालाला हात लावायचा नाही हं, सांगून ठेवते!” मी लग्न केलं नाही, त्यामुळे मला सोडवायचं राहून गेलं. मार्च त्रेचाळीसमध्ये जर्मनांनी आम्हां ज्यूंना मालगाडीने छावणीत नेलं, तेव्हा आई आणि तिया रेयना माझ्याच डब्यात होत्या. उतरल्यावर त्यांना सांगितलं, दमला असाल, ट्रकमध्ये बसा, आणि दोघी एकमेकींना हात देत वर चढल्या. मी तरुण होते म्हणून चालत गेले; ट्रकमधलं कुणी पुन्हा दिसलं नाही. तेव्हा मी आता कुणाची हा प्रश्न निघालाच तर उत्तर देणारं कुणी नाही.

मी त्या दोघींच्या मागे चालत राहिले. बाई चढणीवर दम घेत होती, पोर दोन पायऱ्या पुढे जाऊन परत मागे येत होती. मी पायमोजे दुरुस्त करणाऱ्या दुकानात कामाला आहे. दिवसभर काचेमागे बसून बारीक हुकाने सुटलेला टाका वरपर्यंत उचलत न्यायचा, आणि तो मध्ये सुटला तर पहिल्यापासून. त्या दिवशी मी कामाला दोन तास उशिरा पोचणार होते आणि मालक काय बोलणार ते मला तोंडपाठ होतं. तरी पाय वळेनात. जोयाची मुलगी बेचाळीसच्या उन्हाळ्यात झाली. त्याच उन्हाळ्यात जर्मनांनी आमच्या पुरुषांना चौकात उन्हात उठाबशा काढायला लावल्या आणि तिथूनच जोयाच्या नवऱ्याला रस्त्याच्या मजुरीवर नेलं. तो परत आला नाही. जोया वरच्या वस्तीत ग्रीकांच्या शेजारात राहायची, नंतर पिवळी चांदणी लावून तिला कुंपणाआड यावं लागलं. मी बाळाला शेवटचं पाहिलं तेव्हा ते आठ महिन्यांचं होतं आणि माझी बोटं चोखत भुवई उचलत होतं. त्याचं नाव जोयाच्या सासूवरून ठेवलेलं होतं. सासू तेव्हा जिवंत होती, आमच्यात जिवंत माणसाचंच नाव ठेवतात, मान म्हणून. ते नाव मी इथे लिहीत नाही. मेर्काडा तर त्याचं नाव कधीच नव्हतं. आणि कुठल्या ग्रीक बाईला हे नाव सुचलं असतं? बाई एका अंगणात शिरली. दोरीवर गाद्यांच्या खोळी वाळत होत्या. मी फाटकाबाहेर उभी राहिले, कडीला हात लावला आणि परत फिरले. भित्री मी कधीच नव्हते, पण जे मेलं म्हणून वर्षभर मनाशी पक्कं केलंय ते दार उघडून समोर आलं तर त्याला काय म्हणायचं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

आम्ही परत आलेल्या सहा बायका एका घरात राहतो. त्यातली बिएनवेनिदा जोयाच्या गाडीतून गेलेली. मोठ्या आवाजाची आणि सढळ हाताची बाई आहे. कांद्याच्या पातीचे वडे तळत होती, तिला मी सगळं सांगितलं. तिने झारा खाली ठेवला. “अगं, शक्य नाही,” ती म्हणाली. “मी तुला मागेच सांगितलंय ना. जोया माझ्याजवळ बसलेली, शालीत गुंडाळलेलं बाळ मांडीवर. सहा दिवसांत एकदासुद्धा रडलं नाही ते. मी म्हटलंसुद्धा तिला, काय गुणाचं लेकरू गं तुझं! तर म्हणाली, झोपलंय, बघू नकोस, नजर लागेल.” हे मी ऐकलेलं होतं. पुढचंही ऐकलेलं होतं. उतरताना पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यातला एक कैदी सामान ओढायला आला आणि ओठ न हलवता फ्रेंचमध्ये जोयाला म्हणाला, मूल म्हातारीकडे दे. पुढे जाऊन परत आला आणि पुन्हा म्हणाला, दे म्हातारीकडे, तू तरुण आहेस. का ते सांगायला त्याला वेळ नव्हता. ज्यांच्या हातात मूल, त्या सगळ्या ट्रककडे जात होत्या, हे तेव्हा आम्हांला कुठे माहीत होतं! जोयाने गाठोडं आणखी घट्ट धरलं. “आईच ती. कशी देईल?” बिएनवेनिदा दर वेळी इथे हेच वाक्य म्हणते आणि दर वेळी माझ्याकडे पाहत नाही, कारण तिच्या शेजारी तिची सासू होती आणि बिएनवेनिदाने आपलं मूल तिच्या हातात दिलं होतं. त्या दिवशी तिने झारा पुन्हा उचलला आणि एकदम म्हणाली, “पण भुवई म्हणतेस. असेल तर असेल. दुसरं कुणाचं तरी बाळ उचललं असेल जोयाने, काय सांगावं. पोलीस घेऊन जा. आपल्या ज्यूंच्या समितीत जा. ते लोक खेड्यापाड्यांतून आपली पोरं गोळा करताहेत, जहाजाने पॅलेस्टाइनला पाठवताहेत. क्रूसवाल्या बाईकडे कशाला ठेवायची?” मी म्हटलं, “नाहीच ठेवणार. आणते की नाही बघ.” आणि हे मी अगदी मनापासून म्हटलं. आमच्या घरचे अकरा गेले होते. बारावी मी, आणि त्या अकरांतलीच एक पोर जिवंत, त्या अंगणात मांजरं हुसकत होती. ती माझी होती. कुणाच्या उपकाराची, दयेची, कापसाची मला पर्वा नव्हती. दोन दिवस मी काचेमागे टाके उचलताना त्या बाईशी भांडत होते, आणि दर वेळी जिंकत होते.

गुरुवारी दुपारी गेले. बाई अंगणात गादी शिवत बसली होती, दाभण एवढं मोठं, की मी आधी तेच पाहिलं. मी नाव सांगितलं. तिने दाभण गादीत रोवलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “आलीस. मला वाटलंच होतं कुणीतरी येणार. बस. माझं नाव एवांथिया. तुझ्या बहिणीच्या भिंतीला भिंत लागून माझी खोली होती. पाणी देऊ?”

“पाणी नको, एवांथियाबाई. मी माझी भाची न्यायला आलेय.”

“ते दिसतंय,” ती म्हणाली. “पण तुझी भाची आता माझी मुलगी आहे. फुकट नाही घेतलेली. तुझी गाडी गेल्यावर तुझी बहीण एका रात्री कुंपणातून चोरून माझ्याकडे आली आणि तिने विकली मला, तुमच्याच रीतीने. उंबऱ्यावर ठेवली आणि तीनदा म्हणाली. ताप नव्हता पोरीला, पण तेव्हा अख्ख्या शहरालाच ताप होता. मला म्हणाली, लग्नापर्यंत तुझी. खरं नाव ओठांवर आणायचं नाही. मेर्काडा म्हणायचं, माझ्या ताईला हे नाव लाभलंय. आता जर्मन गल्लीतून फिरताहेत आणि मी या नावाने पोरीला हाका मारतेय! शेजारी म्हणायचे, वेडी झालीस काय, एलेनी म्हण. कागदावर केलीय एलेनी. पाद्री भला माणूस, बाप्तिस्म्याच्या पाण्यात न बुडवता लिहून दिलं. पण तोंडाने नाही. शब्द दिला म्हणजे दिला. आता तुला पोलीस आणायचे तर आण. मी बावीस सालच्या आगीत इझमीरच्या जळत्या धक्क्यावरून पळून आलेली आहे, माझी दोन पोरं तिथेच राहिली. मला पोलीस काय दाखवतेस?”

मी तोंड उघडलं. दोन दिवसांत जिंकलेलं पहिलंच वाक्य ओठांवर होतं. तेवढ्यात पोर आतून आली, भाकरीचा तुकडा खात, आणि माझ्यासमोर उभी राहिली. “तू कोण?”

“मी पण मेर्काडा.”

तिने भुवई उचलली. “खोटं. तू पण विकलेली?”

“हो.”

“कितीला?”

“एका कांद्याला.”

ती खो खो हसली. भाकरीचा ठसका लागला आणि तिच्या पाठीत दोन धपके घालावे लागले एवांथियाला. मग छाती पुढे काढून म्हणाली, “कांदा! मी उशीला. कापसाच्या उशीला, नवीन!”

“रोज झोपताना हीच गोष्ट लागते तिला,” एवांथिया म्हणाली. “राजा नको, राक्षस नको. म्हणते, मला कशी विकली ते सांग. काही तरी किंमत द्यायला हवी ना, तर तुझी बहीण घरभर बघत म्हणाली, ही छोटी उशी दे. मी म्हटलं, अगं, सोन्याचं कानातलं देते. नको म्हणाली, उशीच. मग बाळाच्या शालीत तिने ती उशी गुंडाळली, टोपडं घातलं, खांद्याशी धरली. त्यांच्या यादीत एक आई, एक मूल असं होतं ना. नाक्यावर डोकी मोजून घ्यायचे. एक कमी भरलं असतं तर घरोघर शोधत आले असते. अशी धरून गेली, की मलाच क्षणभर वाटलं बाळ नेतेय.” तिने दाभण उपटलं, पुसलं, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “उशी उपयोगी पडली का गं तिला? लांबचा प्रवास होता म्हणतात.”

मी बाईच्या तोंडाकडे पाहत राहिले. तिला काही माहीत नव्हतं. ट्रक माहीत नव्हता, पट्ट्यांचा माणूस माहीत नव्हता. जोया बावीस वर्षांची होती, हाडापेराने मजबूत. माझ्यापेक्षा मजबूत. हात रिकामे असते तर ती माझ्याच रांगेत आली असती. जगली असती असं मी म्हणत नाही, तिथे तसं म्हणायची सोय नव्हती. पण आली असती, मी तिला पाहिलं असतं, एका फळीवर झोपलो असतो. आणि तिच्या हातात काय होतं? दोन मुठी कापूस. तिला कुणी दोनदा सांगितलं, दे म्हातारीकडे. बिएनवेनिदाला वाटतं तिला मूल सोडवेना. मूल तर ती आधीच सोडून आली होती, जगातली सगळ्यांत कठीण गोष्ट करून आली होती. मग उशी का नाही दिली? कुठल्याही म्हातारीच्या हातात कोंबता आली असती. मला माहीत आहे का नाही दिली. ती घेणारी म्हातारी किंचाळली असती, हे मूल नाही. शाल सुटली असती. कुणीतरी कागद काढला असता, एक मूल कमी. तार गेली असती सालोनिकाला, आणि या अंगणाची कडी वाजली असती. त्यांना तेव्हा आमच्या एका पोरीसाठी तार करायची गरज नव्हती, हे मला आज कळतं. तिला कसं कळावं? ती आपली पोर लपवत होती. सहा दिवस डब्यात लपवली, बिएनवेनिदाला बघू दिलं नाही, आणि शेवटच्या दारापर्यंत, त्या दाराच्या आतही, टोपडं सरळ करत लपवत राहिली असणार. मला इतका राग आला, की तिला गदागदा हलवावंसं वाटलं. आणि त्याच वेळी असा अभिमान वाटला, की त्या अंगणात उभं राहून ओरडावं, ही माझी बहीण. मी रडले नाही. रडले असते तर एवांथियाने का म्हणून विचारलं असतं.

“पडली,” मी म्हटलं. “फार उपयोगी पडली.”

एवांथियाने क्रूसाला हात लावला. “चला, तेवढं तरी,” ती म्हणाली आणि पुन्हा शिवायला लागली. तिला हे कधी कळू द्यायचं नाही, ते मी तिथल्या तिथे ठरवलं. बिएनवेनिदालाही नाही. तिच्याकडे तर उशीही नव्हती. मग अंगणातल्या जिन्याखाली एक बंद खोली दिसली, मी विचारलं, ती कुणाची आहे. एवांथियाने दाभण थांबवलं. “कोळसा असतो तिथे. का?”

“मी राहायला येणार आहे. कोळसा दुसरीकडे ठेवा.”

“आणि पोर?”

“पोर तुमची. लग्नापर्यंत. मी काय रीत मोडणार आहे? पण शुक्रवारी संध्याकाळी ती माझ्याकडे जेवेल, मी दिवे लावीन, आणि आमची भाषा मी शिकवीन. तिच्या आईचं नाव तिला रोज सांगणार.”

“शुक्रवारी आम्ही उपास धरतो.”

“तुम्ही धरा. ती जेवेल.”

“भांडकुदळ आहेस,” एवांथिया म्हणाली. “तुझी बहीण गोड होती.” एवढं बोलून तिने मला गादीचं दुसरं टोक धरायला लावलं.

सोमवारी सकाळी मी समितीच्या कचेरीत गेले, कारण कुणाकडून तरी त्यांच्या कानावर जाणार होतंच, बिएनवेनिदाच्या पोटात काही राहत नाही. सिन्योर मासारानो तिथे दोन वह्या सांभाळतात, एक परत आलेल्यांची, एक गेलेल्यांची. परत आलेल्यांची वही शाळकरी पोराच्या दप्तरात मावेल एवढी आहे. दुसरी उचलायला त्यांना दोन हात लागतात. स्वतः डोंगरात बंडखोरांबरोबर राहून वाचले, बायको-मुलं दुसऱ्या वहीत. मी खुर्चीत बसायच्या आत त्यांनी ती वही उघडली, आणि तेव्हा मला दिसलं, की त्यांच्या डोळ्यांत पाणी आहे. “कळलं मला,” ते म्हणाले. “जोयाची मुलगी. वर्ष झालं, मेर्काडा, मी ही वही लिहितोय. वर्षभरात यातलं एक नाव खोडलेलं नाही. एकही नाही. तूच सांगितली होतीस गेल्या वर्षी अकरा नावं, बघ, तुझी सही. अकरावं तिचं.” त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली. ती नवी कोरी होती, टोक काढून ठेवलेलं. “मुद्दाम आणली. आता सांग, कुठे आहे ती? पत्ता? तिला आधी या वहीत घेऊ, मग जहाजाच्या यादीत.” बोट ओळीवरून फिरवत ते त्या नावाशी थांबले आणि वाचायला तोंड उघडलं.

मी पानावर पंजा ठेवला. “मोठ्याने नको.”

“काय?”

“नाव घेऊ नका. विकलेली आहे ती.”

 ते चिडले. “अगं, तू शिकलेली बाई! एवढं सगळं झाल्यावर? तो दूत काय नाव-पत्ता विचारत आला होता? आपल्या पन्नास हजार माणसांना कुठली रीत वाचवू शकली?” त्यांचं बरोबर होतं. माझ्या बाहीखाली नाव नाहीच आहे, छावणीत गोंदलेला आकडा आहे. तिया रेयनाने मला दुतापासून लपवलं आणि दूत गोंधळून गेला, पण पुढे आले ते गोंधळणारे नव्हते, ते यादी घेऊन आले होते, गल्लीनुसार, घरानुसार, एक आई एक मूल. मी हे सगळं त्यांच्याइतकंच जाणते. जाणूनही माझा पंजा पानावरून हलत नव्हता.

“सिन्योर मासारानो,” मी म्हटलं, “तुमच्या छोट्या वहीत मला लिहिलंत, मी काही बोलले नाही. मला आता कसली भीती? पण तिला जिवंतांच्या यादीत घालू नका. जहाजाच्या नको, शाळेच्या नको, कुणाच्याच नको. तिच्या आईने तिला एका यादीतून बाहेर काढलंय. कशी काढली ते मी तुम्हांला सांगणार नाही, पण एवढं कळलं, की तिला परत यादीत घालणारी मी नव्हे. ती इथेच राहू दे. हे पान चांगलं आहे. या वहीत कुणी कुणाला शोधायला येत नाही.”

रस्त्यावरून ट्राम गेली तशी खिडकीची तावदानं थरथरली. त्यांनी लाल पेन्सिल बोटांत फिरवली. त्यांचं तोंड एकदम म्हातारं झालं, आणि मला त्यांचं फार वाईट वाटलं, कारण एक नाव खोडायला मिळणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने काय होतं ते मला दिसत होतं. मी ते त्यांच्याकडून काढून घेत होते.

“कधीपर्यंत?” त्यांनी शेवटी विचारलं.

“लग्नापर्यंत. त्या दिवशी मी तिला घेऊन येईन, नाव मोठ्याने घेईन आणि तुम्ही तुमच्या हाताने खोडाल. दुसऱ्या कुणाच्या हाताने चालणार नाही.”

“म्हणजे पंधरा-सोळा वर्षं,” ते म्हणाले. “मला दमा आहे, मेर्काडा. डॉक्टर म्हणतो, दोन हिवाळे काढलेस तर खूप.”

“मग तुम्हांला विकायला हवं,” मी म्हटलं. “उद्या संध्याकाळी या वरच्या वस्तीत. घेणारी आहे माझ्या ओळखीची, पण घासाघीस फार करते.”